कुंडलिकेच्या काठचे इस्रायल: मूळस्थानाच्या प्रश्नाचा आढावा

कोलाडकडून धाटाववरून कुंडलिकेच्या काठाने खाली आले की रोहा लागते. नदीपलीकडे अष्टमी. पुढे हीच नदी खाडी होते आणि रेवदंडा-चौलपाशी समुद्राला मिळते. धाटावचे नाव आज रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे सर्वांना माहीत आहे. पण या खोऱ्यातल्या आणि शेजारच्या पेण-अलिबागमधल्या गावांची नावे आडनाव म्हणून घेऊन एक समाज मुंबईत, तिथून कराचीत आणि एडनला आणि अखेर इस्रायलमध्ये गेला: रोहेकर, अष्टमकर, पेणकर, झिराडकर, नवगावकर, किहीमकर, चौलकर. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आपले पूर्वज कुठून आणि केव्हा आले, हा प्रश्न त्यांना गेली दोनशे वर्षे विचारला जातो आहे आणि ते स्वतःही विचारत आहेत. पॅलेस्टाईन, येमेन, इराण, हरवलेले दहा वंश अशी अनेक उत्तरे आजवर दिली गेली. दंतकथा, आडनावे, सण, जुने कागद आणि अलीकडचा जनुकीय अभ्यास हे सगळे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर मला एक निष्कर्ष टाळता येत नाही. या समाजाच्या पूर्वजांचा एक धागा निश्चितपणे पश्चिम आशियातल्या ज्यूंकडे जातो, पण समाज म्हणून तो रायगडच्या भूमीवरच घडला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आगमनाची जी तारीख सांगितली जाते, तिला मात्र अजून पुराव्याचा आधार नाही.

कुळाचा शोध घेणारा माणूस आडनावापासून सुरुवात करतो आणि तिथेच पहिली चूक होण्याचा धोका असतो. अष्टमकर हे आडनाव कुटुंब अष्टमीत राहिले होते एवढेच सांगते. ते अष्टमीत कुठून आले, हे त्यात नाही. गाव सोडल्यावरच गावाचे नाव आडनाव होते. मुंबईत गेलेल्या माणसाला अष्टमकर म्हणतात, अष्टमीत राहणाऱ्याला कोणी म्हणत नाही. म्हणून ही आडनावे शेवटच्या मुक्कामाची नोंद आहेत. एकत्र पाहिली तर मात्र ती मोलाची माहिती देतात. एवढी वेगवेगळी गावे आडनावांत आली याचा अर्थ हा समाज एका वस्तीत दाटीने राहिलेला नव्हता. एकेका गावात एखाद-दुसरे घर असा तो विखुरलेला होता. याचे कारण बहुधा त्यांच्या धंद्यात आहे. हे लोक घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. लहान गावात तेलाच्या एक-दोन घाण्यांपुरतेच गिऱ्हाईक असते. कुटुंब वाढले की एका भावाला दुसरे गाव गाठावे लागणारच. कुंडलिकेच्या खाडीतून वर, पेणकडे, मुरूडकडे ही पांगापांग अशी धंद्याच्या गरजेने झाली असावी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेकांनी गावाचे आडनाव टाकून वडिलांचे नाव आडनावाच्या जागी लावले. कवी निसीम एझिकेल यांचे घराणे मूळचे तळकर. एझिकेल हे नाव कोणत्याही गावाचा पत्ता देत नाही. त्याआधीच्या पिढ्यांत तर नावेही मराठी वळणाची होती: सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, मोझेसचा मुसाजी. जुन्या कागदात सामाजी आबाजी असे नाव सापडले तर ते इस्रायलांचे आहे हे ओळखायलाही जाणकार नजर लागते.

दंतकथा सगळ्यांना माहीत आहे. जहाज फुटले, नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात स्त्रिया जिवंत लागल्या, बाकीच्यांची प्रेते तिथेच पुरली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरली ती ‘शमा’ ही एक प्रार्थना, शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम. नवगावची दफनभूमी आजही या समाजाला पवित्र आहे. या कथेला इसवी सनापूर्वी १७५ ची तारीख जोडली ती हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. ग्रीक राजा अँटिओकस याच्या छळातून हे लोक निसटले असावेत, असा त्यांचा तर्क होता. तारीख हा तर्काचा भाग आहे, परंपरेचा नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. कारण पुढच्या लेखकांनी ती तारीख परंपरेनेच दिल्यासारखी उचलली. याच किनाऱ्यावर चित्पावनांचीही कथा आहे. समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने जिवंत केले, असे सह्याद्रिखंड सांगते. दोन्हीकडे चौदा जण आणि दोन्हीकडे समुद्राने टाकलेली माणसे. कोणी कोणाची कथा घेतली हे ठरवायला काही साधन नाही आणि ठरवण्याची गरजही नाही. आपण इथले नव्हेत आणि इथलेही आहोत, हे सांगण्याचा हा या किनाऱ्याचाच साचा आहे. उत्तर कोकणातल्या अनेक जाती आपले मूळ बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांशी जोडतात. वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर अशा आगमनाच्या कथांनी भरलेली आहे. म्हणून जहाजफुटीची कथा खोटी ठरत नाही. कोकणात जहाजे फुटत आणि माणसे किनाऱ्याला लागतही. पण एका घटनेतून एक समाज जन्मला, याला साक्ष म्हणून ही कथा एकटी पुरत नाही.

किहीमकरांच्या तर्काचा खरा आधार सणांमध्ये होता आणि इथे विषय फार रसाळ होतो. बेने इस्रायलांना हनुक्का हा सण माहीत नव्हता. हनुक्का जेरुसलेमच्या मंदिराच्या पुनःशुद्धीचा, इसवी सनापूर्वी १६५ च्या सुमाराचा. त्याआधीच हे लोक निघाले असले पाहिजेत, म्हणून सण माहीत नाही. युक्तिवाद आकर्षक आहे, पण ज्यांनी ग्रंथच गमावले होते त्यांना एखादी गोष्ट माहीत नसणे हा कमकुवत पुरावा आहे. काय आठवते आणि काय विसरते, याची कारणे हजार असू शकतात. आता जे आठवले ते पाहा. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ते दार फाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी घराचे दार लावून उपास करायचा. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, नव्याचा सण म्हणत. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाच्या शोकाचा उपास हा बिरड्याचा रोजा, म्हणजे आपल्या रायगडातल्या वालाच्या बिरड्याशी बांधलेला. काही जणांनी असे मांडले आहे की ‘सण’ म्हणवणारे विधी जुने आणि ‘रोजा’ म्हणवणारे नंतर कोणा बाहेरच्या शिक्षकाने आणलेले. मराठी नावाचे ते जुने आणि फारसी नावाचे ते नवे, हा क्रम मला पटतो. मात्र त्यावरून फार मागे जाता येत नाही. मराठीचा सर्वांत जुना शिलालेख याच परिसरात, अलिबागजवळच्या अक्षीला आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. दार फाळणीचा सण हे नाव त्याच भाषेतले आहे, म्हणून ते नाव तरी अँटिओकसच्या काळातले असू शकत नाही. विधी त्याहून जुना असेल, नाव नक्कीच नाही. सणांच्या नावांवरून आपल्याला कळते ते हे की हे लोक इथल्या शेजाऱ्यांत, आधी मराठी आणि मग मुसलमानी वळणाच्या बोलीत, पूर्ण मुरलेले होते. प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणे आणि धर्माधिकाऱ्याला काजी म्हणणे यातूनही तेच दिसते.

त्या बाहेरच्या शिक्षकाचे नाव परंपरेने दाविद राहबी असे जपले आहे. त्याने बायकांसमोर मासळी ठेवली. खवले आणि पर असलेली त्यांनी वेगळी काढली, बाकीची टाकली आणि त्यावरून त्याने त्यांना आपले मानले. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना त्याने काजी नेमले. तो कधी आला, याबद्दल मतांतर आहे. कोणी त्याला हजार वर्षे मागे नेतात, तर कोणी अठराव्या शतकातल्या कोचीच्या दाविद एझिकेल राहबीशी त्याची सांगड घालतात. लेखी पुरावा मात्र अठराव्या शतकातच पक्का होतो. १७३८ मध्ये सार्टोरियस या डॅनिश मिशनच्या पाद्र्याने सुरत आणि राजपुरीकडच्या, स्वतःला बेने इस्रायल म्हणवणाऱ्या ज्यूंचा उल्लेख केला. त्यांना बायबल माहीत नव्हते, फक्त शमा येत होती. १७६८ मध्ये कोचीच्या एझिकेल राहबीने हॉलंडमधल्या आपल्या व्यापारी मित्राला लिहिलेल्या पत्रातही मराठ्यांच्या मुलखात विखुरलेल्या, तेल गाळणाऱ्या, शमा आणि शनिवार पाळणाऱ्या अशाच लोकांचे वर्णन आहे. त्यापूर्वीचा दुवा अंधुक आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायमोनिडीस या ज्यू पंडिताने एका पत्रात भारतातल्या ज्यूंना तोरा हा धर्मग्रंथ माहीत नाही, ते फक्त शनिवार आणि आठव्या दिवशीची सुंता पाळतात, असे लिहिले. हे वर्णन बेने इस्रायलांना चपखल बसते. तरी पत्रात ठिकाण नाही आणि बसते म्हणून तेच, असे म्हणता येणार नाही.

कागद गप्प असले तरी बंदर गप्प नाही, आणि या आढाव्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते चौल. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी हा अरब प्रवासी सैमूर, म्हणजे चौल, येथे आला. सीराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले हजारो मुसलमान तिथे स्थायिक झालेले त्याने पाहिले. त्यांच्यात स्थानिक जन्माचे, म्हणजे इथल्या बायकांपासून झालेल्या संततीचेही लोक होते. त्याच इराणी आखातातल्या आणि लाल समुद्रातल्या बंदरांतून ज्यू व्यापारीही हिंदी महासागरात फिरत होते. कैरोच्या गेनिझात, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठारात, सापडलेली अकराव्या-बाराव्या शतकांतली पत्रे मंगळूरपर्यंतच्या त्यांच्या व्यापाराची साक्ष देतात. चौलला मुसलमान व्यापारी स्थायिक होतात, संसार थाटतात, पिढ्या वाढवतात आणि ज्यू व्यापारी मात्र एकही राहत नाही, असे मानायला काही कारण नाही. चौलच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर होड्या रोह्या-अष्टमीपर्यंत येत. बंदरावर उतरलेल्यांची पुढची पिढी खाडीच्या वरच्या गावांत तेलाचा घाणा मांडून बसली, ही कल्पना नवगावच्या जहाजफुटीपेक्षा कमी रोमांचक आहे. पण ती जे जे आपल्याला पक्के माहीत आहे त्याच्याशी जुळते.

इथे जनुकीय अभ्यासाने मोठी भर घातली आहे. २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत येदाएल वाल्डमन आणि सहकाऱ्यांचा बेने इस्रायलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून या समाजात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्ही वारसा ठळकपणे दिसला. ज्यू वारसा प्रामुख्याने पुरुषांकडून आणि भारतीय वारसा प्रामुख्याने स्त्रियांकडून आलेला होता. या मिश्रणाचा काळ त्यांनी १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे साधारण साडेसहाशे ते साडेदहाशे वर्षांपूर्वीचा काढला. मिश्रण झाल्यावर दर पिढीत गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन लहान होत जातात. त्या तुकड्यांच्या लांबीवरून पिढ्या मोजल्या जातात. ही मुदत अल मसूदीच्या चौलनंतर लगेच सुरू होते आणि बहामनी काळापर्यंत येते. परदेशी पुरुष आणि इथल्या स्त्रिया, हेच व्यापारी बंदरावरच्या संसाराचे चित्र आहे. सात जोडप्यांनी आपापसांतच लग्ने करत समाज वाढवला, असे सांगणाऱ्या कथेचे नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे की मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. पूर्वज हजार वर्षे आधीच येऊन, तितका काळ आपापसांतच राहून, मग मिसळले असतील. हा आक्षेप खरा आहे आणि गणितातही त्याला जागा आहे. वेगवेगळ्या काळांत मिश्रण होत राहिले तर हिशोब अलीकडच्या लाटेकडे झुकतो. अभ्यासात बेने इस्रायलांचे नमुने अवघे अठरा होते, हेही विसरता कामा नये. तरीही आगमन आणखी हजार वर्षे मागे नेणाऱ्याने त्या मधल्या हजार वर्षांचा काही तरी मागमूस दाखवायला हवा. तो आजपर्यंत मिळालेला नाही. दुसरा आक्षेप नावावर आहे. स्वतःला यहुदी न म्हणता बेने इस्रायल म्हणवतात, म्हणजे ते यहुदाच्या राज्यातले नव्हेत, तर अश्शूरांनी विखुरलेल्या उत्तरेकडच्या दहा वंशांतले. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्यासारख्यांना हा तर्क मोहवून गेला. बेने इस्रायलांना हिब्रू शिकवण्याचे त्यांचे काम मोलाचे होते, पण हा तर्क टिकत नाही. मुसलमानी राज्यात यहुदी हा शब्द निंदाव्यंजक होता आणि बनी इस्राइल हे नाव कुराणात आदराने येते. शेजाऱ्यांमुळे नाव निवडले गेले, हे स्पष्टीकरण साधे आहे आणि पुरेसेही.

विल्सन यांच्या देशाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची घराणी पिढ्यानुपिढ्या आपले मूळ आयर्लंडमध्ये शोधत आली. आयर्लंडमधून दालरियाडाचे लोक समुद्र ओलांडून आले आणि त्यांनी स्कॉटांचे राज्य स्थापले, असे आठव्या शतकात इंग्रज इतिहासकार बीड यानेच लिहून ठेवले होते. २००१ मध्ये पुरातत्त्वज्ञ यूअन कॅम्पबेल यांनी त्यावर प्रश्न उभा केला. असे स्थलांतर झाले असते तर घरांच्या बांधणीत, दागिन्यांत, वस्त्यांच्या रचनेत त्याच्या खुणा दिसायला हव्या होत्या. त्या दिसत नाहीत. अरुंद समुद्राच्या दोन्ही तीरांवर एकच भाषा आधीपासून नांदत असावी. दुसऱ्या बाजूने क्लॅन डोनाल्ड या स्कॉटिश कुळाच्या प्रमुखांच्या वाय गुणसूत्राची तपासणी झाली. तेव्हा बाराव्या शतकातल्या सोमरलेडपासून आलेली, गेलिक-आयरिश म्हणून मिरवलेली ती पितृरेषा मूळची नॉर्स असल्याचे दिसले. यावरून गेलिक परंपरा खोटी होती असे कोणी म्हणत नाही. भाषा, राजवंशाचा दावा आणि पितृरेषा ही तीन वेगळी उत्तरे आहेत, एवढेच त्यावरून कळते. बेने इस्रायलांच्या बाबतीतही धर्म, भाषा, आईची बाजू आणि बापाची बाजू यांची उत्तरे वेगवेगळी येतात. ती वेगवेगळी येऊ दिली पाहिजेत.

कारण ही उत्तरे एकात कोंबली की काय होते, ते या समाजाने सोसले आहे. इस्रायलमध्ये गेल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या लग्नांबाबत आदेश काढला. वधूवरांच्या आईच्या बाजूची वंशावळ शक्य तितकी मागे जाऊन तपासा, असे त्यात होते. घटस्फोटाचे आणि विधवाविवाहाचे ज्यू नियम कोकणात पाळले गेले नसतील, हा संशय होता. ज्यांनी पोथी नसतानाही शनिवार सोडला नाही, त्यांना आपण ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली. प्रकरण संसदेत गेले आणि त्या ऑगस्टमध्ये ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे जाहीर झाले. म्हणून काही लोक आज जनुकीय शोधाकडे संशयाने पाहतात, आणि त्यांची भीती मी हलकी मानत नाही. आईकडचा वारसा भारतीय आहे, हे वाक्य उद्या कोणी पुन्हा शस्त्र म्हणून वापरील. पण उत्तर लपवून ती भीती जाणार नाही. आईच्या बाजूने स्थानिक वारसा असणे ही जगातल्या इतरही अनेक ज्यू समाजांची कहाणी आहे. समाजातच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. गोरे आपल्याला शुद्ध वंशाचे मानत आणि काळ्यांशी लग्नसंबंध टाळत. पिढ्यानुपिढ्या आपापसांत लग्ने झाल्यावर सातशे-हजार वर्षांपूर्वीचे मिश्रण समाजभर पसरलेले असणार. त्या भेदाला आता कसलाही आधार उरत नाही, आणि हा शोधाचा एक चांगला परिणाम आहे.

अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, रथाच्या आणि घोड्याच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. मन्नत फेडायला लोक तिथे जातात आणि पोहे, खोबरे, गूळ यांचा मलिदा वाटतात. एकोणिसाव्या शतकात बेन्जामिन शिमशोन अष्टमकर यांनी अब्राहमाचे आख्यान कीर्तनात रचले. नारदीय कीर्तनाची मराठी चाल आणि बायबलची कथा एकत्र आली, आणि हे अष्टमीचे नाव धारण करणाऱ्याच्या हातून झाले. हे सगळे मूळस्थानाच्या प्रश्नात गौण मानले जाते. मला ते मुख्य वाटते, कारण समाज इथे घडला हे याहून स्पष्टपणे कुठल्याही कागदात लिहिलेले नाही.

रोह्या-पेणच्या मुळांचा शोध घेणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच जवळच्या टोकापासून सुरुवात करावी. मुंबईतले १७९६ चे शाअर हारहमीम आणि पेणचे, अलिबागचे, रेवदंड्याचे सिनेगॉग, त्यांच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी, मुंबईच्या पलटणींत शिपाई ते सुभेदार म्हणून नोकरी केलेल्यांचे कागद, आणि गावोगावच्या दफनभूमींतल्या हिब्रू-मराठी कबरी, एवढ्यातून पाच-सहा पिढ्या उभ्या करता येतात. त्यापुढे सामाजी-आबाजींच्या नावांवर थांबावे लागते. बहुतेक घरे इस्रायलला गेल्यामुळे या कबरींवरच्या अक्षरांकडे पाहणारे गावात फारसे कोणी उरलेले नाही. पावसाने ती पुसट होत आहेत. आधी फोटो आणि नकला काढून ठेवल्या पाहिजेत. डीएनएचा नमुना दहा वर्षांनीही देता येईल, अष्टमीच्या दगडावरचे नाव तोवर राहील याची खात्री नाही.